बर्फाच्या पेटीतली काडतुसं

धोटेभाऊ फायरिंग रेंजच्या बाहेर बाकावर बसले होते. गालावर ओला रुमाल. कॉलरवर काळे ठिपके. त्यांचा सेफ्टी चष्मा शेजारी ठेवला होता. मी तो उचलून उजेडात धरला. उजव्या काचेवर, बरोबर डोळ्यासमोर, पितळेचे बारीक कण रुतले होते.

“काय झालं भाऊ?”

“काही नाही मॅडम. चटका बसला जरासा. मले वाटलं बंदूकच फुटली.”

“कोणतं काडतूस होतं?”

“नवंवालं.”

“नवं तर मी आल्यावर उडवायचं ठरलं होतं ना? माझी वाट काहून नाही पाहिली?”

धोटेभाऊंनी रुमालाची घडी बदलली. “पाटणकर साहेब म्हणले, परवा पार्टी येऊन राहिली, आज एकदा चालवून पाहा. मॅडमचं काही काम नाही त्याच्यात.”

मी सकाळपासून कंपनीच्या मिहानमधल्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. ती मीटिंग कशासाठी होती ते मला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. आता थोडंसं समजलं.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. नागपूरबाहेर रायफलची काडतुसं बनवणारी एक खाजगी कंपनी आहे, तिथे मी प्रूफ इंजिनिअर आहे. प्रूफ म्हणजे माल बाहेर जाण्याआधी त्यातली काही काडतुसं उडवून बघायची. ती उडवण्याचं काम धोटेभाऊंचं. लोक काडतुसाला सरसकट गोळी म्हणतात. खरं तर गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे नळीतून उडून जातं. तिच्यामागे पितळेची केस. केसमध्ये बारूद. आणि केसच्या बुडाशी प्रायमर नावाची छोटी टिकली. रायफलची पिन टिकलीवर आपटते, टिकली ठिणगी देते, बारूद पेटते, गॅस होतो आणि तो गॅस गोळीला पुढे ढकलतो. हा गॅस पुढेच गेला पाहिजे. मागे आला तर मागे माणसाचं तोंड असतं.

धोटेभाऊंच्या बाबतीत तो मागे आला होता. मी रायफल बघायला आत गेले. बोल्ट अडकला होता. बोल्ट म्हणजे केसला मागून धरून ठेवणारा लोखंडी दट्ट्या. लाकडी हातोडीनं ठोकून तो उघडावा लागला. केस हातात घेतली. टिकलीला भोक पडलं होतं. केसच्या बुडावर एक चकचकीत गोल डाग होता, म्हणजे आतल्या दाबानं पितळ बोल्टच्या खाचेत दाबलं गेलं होतं. दाब हद्दीच्या बाहेर गेल्याची ती खूण आहे.

पण दाब वाढायचं काही कारण नव्हतं. हीच लॉट मी स्वतः तपासली होती. एका पोलिस दलाला जंगलात गस्त घालणाऱ्या तुकड्यांसाठी काडतुसं घ्यायची होती. सध्या ते दुसऱ्या कंपनीचं वापरतात. त्याला आपण जुनं म्हणू. आमचं ते नवं. दोन्ही एकाच मापाची. तीच केस, गोळीचं वजन तेच, एकाच रायफलमध्ये चालणारी. टेबलावर शेजारी ठेवली तर बुडावरचा शिक्का वाचल्याशिवाय फरक कळणार नाही. त्यांनी जुन्याच्या काही पेट्या आम्हाला दिल्या आणि तुलना करायला सांगितली. मी केली. रेंजच्या एसी हॉलमध्ये, चोवीस अंशावर. नव्याचा वेग जास्त निघाला. शंभर मीटरवर नव्याच्या गोळ्या एकमेकींच्या जास्त जवळ पडल्या. दाब हद्दीत होता, पण अगदी हद्दीला टेकून. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं की गरम तापमानाची चाचणी बाकी आहे.

“भाऊ, ही काडतुसं मॅगझीनमधून आणली की कुठून?” मॅगझीन म्हणजे आमचं बारुदीचं थंड कोठार.

“नाही मॅडम. फिलिंगवाल्यांनी सकाळीच ट्रॉली आणून ठेवली होती. टिनाच्या शेडखाली. जेवणाच्या सुट्टीनंतर घेतली.”

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. टिनाच्या शेडखाली दुपारपर्यंत ठेवलेली पितळेची वस्तू कशी होते हे नागपूरच्या माणसाला समजवावं लागत नाही.

बारुदीचा एक साधा स्वभाव आहे. ती गरम असली की जास्त वेगानं जळते. जास्त वेगानं जळली की दाब वाढतो. चांगल्या काडतुसात याच्यासाठी जागा सोडलेली असते. आमच्या नव्यात ती सोडली नव्हती. जाहिरातीत वेग जास्त दिसावा म्हणून बारूद भरता येईल तितकी भरली होती. चोवीस अंशाला सगळं ठीक. शेडखाली तापलं की हद्द पार.

मी धोटेभाऊंना घेऊन कंपनीच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मलम लावलं आणि कागदावर ‘त्वचेची किरकोळ जळजळ’ असं लिहिलं. मी विचारलं, काय झालं म्हणून लिहाल की नाही? ते म्हणाले, “कारण लिहिण्याचा कॉलम नाही.” मला तेव्हा जो राग आला तो पुढे कितीतरी महिने गेला नाही. धोटेभाऊ मात्र मलाच समजावत होते. “जाऊ द्या मॅडम. डोळा वाचला ना.”

डोळा वाचला तो त्यांच्या स्वतःच्या शिस्तीमुळे वाचला. चष्मा घाला असं त्या दिवशी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी दोन्ही प्रकारची काडतुसं कंडिशनिंग चेंबरमध्ये ठेवली. हे कपाटाएवढं यंत्र असतं, आत हवं ते तापमान धरून ठेवतं. पंचावन्न अंश लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रेशर बॅरलमधून उडवली. प्रेशर बॅरल म्हणजे लोखंडी स्टँडला जखडलेली जाड नळी, तिला दाब मोजायचा सेन्सर लावलेला. माणूस भिंतीच्या मागे, दोरी ओढायला.

जुन्याचा दाब थोडा वाढला आणि हद्दीत राहिला. नव्याचा हद्दीच्या वर गेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. काही टिकल्यांना भोकं पडली. मग मी कोठारातली थंड काडतुसं त्याच लॉटमधून आणून उडवली. ती सगळी व्यवस्थित. म्हणजे लॉटमध्ये एखादं वाईट काडतूस निघालं असं म्हणायला जागा राहिली नाही.

आकडे घेऊन मी पाटणकर साहेबांकडे गेले. ते आमच्या प्लांटचे जनरल मॅनेजर. त्यांनी कागद बघितला, उलटा करून ठेवला.

“ही टेस्ट कोणी सांगितली?”

“कोणी नाही. धोटेंच्या तोंडावर गॅस आला म्हणून केली.”

“त्यांनी गॉगल घातला होता ना? मग सिस्टीमनं काम केलं.”

मी उलटा ठेवलेला कागद उचलून पुन्हा सुलटा धरला.

“मेश्राम मॅडम, कस्टमरच्या अटींमध्ये, स्पेकमध्ये, काय लिहिलंय? ॲम्बियंट. म्हणजे भोवतालचं तापमान. तुम्ही चोवीस अंशाला टेस्ट केली. रिझल्ट उत्तम आला. आपण ते दाखवणार.”

“साहेब, चोवीस अंश आपल्या एसीचं आहे. त्यांच्या जवानांच्या भोवती एसी नसतो.”

“ते त्यांनी स्पेकमध्ये लिहायला हवं होतं.”

“त्यांनी नाही लिहिलं. आपल्याला तर माहीत आहे ना?”

“आपल्याला माहीत असलेलं सगळं आपण कस्टमरला सांगतो का?” ते हसले. “उद्याचा डेमो होऊ द्या. ऑर्डर आली की बारुदीचा डोस कमी करू. पुढच्या लॉटमध्ये कोणाला कळणारही नाही.”

“आणि ही लॉट?”

“ही पहिल्या सप्लायमध्ये जाईल. ट्रेनिंगला वापरतील ते.”

ट्रेनिंगला कोण असतं? नुकती भरती झालेली विशीतली पोरं. रायफल पहिल्यांदा खांद्याला लावणारी. उन्हात मैदानावर पडून फायरिंग करणारी. मी हे सांगितलं. पाटणकर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही इमोशनल होताय.”

या एका शब्दानं माझ्या कानशिलाच्या शिरा उडायला लागल्या. माझ्या हातात दाबाचे आकडे होते, भोक पडलेल्या टिकल्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चष्मा होता. यात भावना कुठे होती? हाच कागद एखाद्या पुरुष इंजिनिअरनं आणला असता तर त्याला म्हणाले असते, तुमचा मुद्दा टेक्निकल आहे, बघू. मी म्हणाले, “साहेब, तुलनेच्या रिपोर्टला गरम चाचणीचे आकडे जोडल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“मग दुसरं कोणी करेल.”

“करू द्या.”

घरी नंदनवनला आले तेव्हा कूलरसमोर बसूनही अंगाची आग जात नव्हती. ताट तसंच पुढे होतं. आई म्हणाली, “काहून वं, जेवत काहून नाही?” मी सगळं सांगितलं. तिला प्रायमर आणि प्रेशर कळत नाही, पण धोट्यांना ती ओळखते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “राग आला तं बोलून टाक. पोटात ठेवून का लोणचं टाकतं त्याचं?”

डेमो दुसऱ्या दिवशी सकाळी, बाहेरच्या मोकळ्या रेंजवर होता. पोलिस दलाकडून दोन अधिकारी आले होते, आणि त्यांचे आर्मरर उईके साहेब. आर्मरर म्हणजे दलाची हत्यारं सांभाळणारा आणि दुरुस्त करणारा माणूस. सावळे, ठेंगणे, कमी बोलणारे. आल्या आल्या त्यांनी रायफल उघडून आतून पाहिली.

मी टेबलाजवळ गेले. टेबलाखाली सावलीत एक निळी पेटी होती, लग्नात पाण्याच्या बाटल्या थंड ठेवायला वापरतात तशी. झाकण उघडलं. आत बर्फाच्या पिशव्या, आणि त्यांच्यावर आमच्या काडतुसांचे डबे. जुन्या काडतुसांची लोखंडी पेटी टेबलापासून दहा पावलांवर होती. उन्हात. सूर्य चांगला वर आला होता. पेटीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

तुलना करायची तर दोन्ही बाजूंना सारखं वागवायचं, हे शाळेतल्या प्रयोगातसुद्धा शिकवतात. इथे आमचं बर्फावर आणि त्यांचं तव्यावर. आमच्याला भोक पडू नये म्हणून गार ठेवलं होतं, हे तर होतंच. पण वर जुनं तापून बिघडलं तर बिघडू द्यावं, असाही विचार कुणीतरी बसून केला होता.

“पाटणकर साहेब, हे बर्फात काहून ठेवलं?” घाईत माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

“धूळ लागू नये म्हणून.” त्यांनी आवाज खाली आणला. “मॅडम, जरा बाजूला या.”

मी बाजूला गेले नाही. उईके साहेबांकडे वळले.

“साहेब, ही तुलना बरोबर होणार नाही. एक काडतूस थंड आहे आणि एक तापलेलं. दोन्ही एकाच तापमानाची पाहिजेत.”

दोन्ही अधिकारी पाटणकर साहेबांकडे बघायला लागले. उईके साहेब माझ्याकडे. “कोणत्या तापमानाची?”

“तुमचे जवान ज्या तापमानात ठेवतात त्या.”

ते म्हणाले, “आमचे जवान? गस्तीवर गेले तर दिवसभर पाऊचमध्ये. गाडी डांबरी रस्त्यावर उभी, काडतुसं गाडीत. एप्रिल-मेमध्ये हाताला कापड गुंडाळून डबा उचला लागते मॅडम. बर्फ कुठून आणता जंगलात?”

“मग दोन्ही डबे तुमच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवू. दुपारी उडवू.”

पाटणकर साहेब म्हणाले, “सर, आमचा शेड्यूल फिक्स आहे. लंचही अरेंज केलाय. मॅडम थोड्या...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. कोणता शब्द राहिला ते मला माहीत होतं.

“जेवण आधी करू मग,” उईके साहेब म्हणाले. “डबे तापू द्या.”

ते जेवायला गेले. मी गेले नाही. डब्यांजवळ छत्री घेऊन उभी राहिले, कारण आता माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता. धोटेभाऊ गालाला पट्टी लावून कामावर आले होते. सुट्टी घ्या म्हटलं तर ऐकलं नाही. त्यांनी रायफल लोखंडी स्टँडला जखडली, ट्रिगरला दोरी बांधली आणि सगळ्यांना भिंतीमागे उभं राहायला जागा केली. मी त्यांना बजावलं, “आज कोणीच खांद्यावरून उडवणार नाही. कोणी सांगितलं तरी.”

“मी तं अजिबातच नाही मॅडम,” ते म्हणाले.

पाटणकर साहेब जेवण अर्धवट टाकून आले. “तुम्हाला समजतंय का तुम्ही काय करताय? एवढ्या लोकांचं काम या ऑर्डरवर आहे.”

“साहेब, त्यातलेच एक हे पट्टीवाले आहेत.”

आधी जुनी उडवली. एकामागून एक. सगळ्या केस सरळ बाहेर पडल्या. वेग थोडा वाढला, एवढंच. मग आमची. पहिली काही ठीक गेली. पाटणकर साहेबांचा चेहरा सैल झाला. मलाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं तर? मग एक आवाज वेगळा आला, कोरडा आणि फाटल्यासारखा, आणि बोल्टच्या बाजूनं धूर निघाला. धोटेभाऊंनी नकळत गालाला हात लावला.

आम्ही थांबलो, रायफल सुरक्षित केली, बोल्ट ठोकून उघडला. केस उईके साहेबांच्या हातावर ठेवली. टिकलीत आरपार भोक होतं. बुडावर तोच चकचकीत डाग. त्यांनी ती केस उन्हात फिरवून फिरवून पाहिली.

“हे आमच्या पोराच्या तोंडाजवळ झालं असतं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. मग त्यांनी पाटणकर साहेबांना विचारलं, “तुम्हाला आधी माहीत होतं?”

“हे अगदी अनपेक्षित आहे सर,” पाटणकर साहेब म्हणाले.

मी म्हणाले, “काल सकाळपासून माहीत आहे.”

पाहुणे चहा न घेता गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. ऑर्डर आम्हाला मिळाली नाही. मला नोटीस मिळाली, ‘ग्राहकासमोर कंपनीची बदनामी’ या कारणाची. उत्तरात मी दाबाचे आकडे जोडले. त्या आकड्यांवर कोणी एक शब्द बोललं नाही. सगळी चर्चा माझ्या बोलण्याच्या पद्धतीवर झाली. मला पॅकिंग सेक्शनला पाठवलं. खोक्यांचा डिंक नीट चिकटला की नाही ते मी वर्षभर तपासलं. रेंजवरच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी निम्मे माझ्याशी बोलायचे बंद झाले. काहींचा ओव्हरटाइम गेला होता, त्यांचा राग मी समजू शकते. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांचा नाही.

ती लॉट मात्र बाहेर गेली नाही. पुढे बारुदीचा डोस कमी केला. वेग थोडा कमी झाला, आणि आमचं नवं काडतूस जवळजवळ जुन्यासारखंच निघालं. म्हणजे पहिल्यापासून जे जास्त चांगलं म्हणून विकत होतो, ते फक्त थंडीत चांगलं होतं. पोलिस दलाच्या पुढच्या स्पेकमध्ये ‘ॲम्बियंट’ हा शब्द नव्हता. तिथे पंचावन्न अंश असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि प्रूफ इंजिनिअरची सही सक्तीची केली होती. अशी सही करायला कंपनीला कोणीतरी लागत होतं, म्हणून मला परत रेंजवर आणलं. कोणी माफी मागितली नाही. एक मेल आला, त्यात मला ‘रिअलाइन’ केल्याचं लिहिलं होतं.

पाटणकर साहेबांना प्रमोशन मिळालं आणि ते दिल्लीला गेले. मध्यंतरी कंपनीच्या एका कार्यक्रमात त्यांनी उष्ण हवामानासाठी आपण आणलेल्या चाचणीपद्धतीवर भाषण दिलं. ‘आपण’ म्हणाले ते. मी मागच्या रांगेत बसले होते. टाळ्या मी वाजवल्या नाहीत.

आता रेंजवर कोणी नवीन इंजिनिअर आला की मी त्याला एवढंच सांगते. तुलनेच्या रिपोर्टमध्ये ‘चांगलं’ असं लिहिलेलं दिसलं तर आकडे नंतर बघ. आधी चाचणी कोणत्या खोलीत झाली ते विचार, आणि नंतर ते काडतूस खांद्याला कोण लावणार आहे ते विचार. या दोन प्रश्नांनी लोक चिडतात. चिडू द्यायचं.